कोठडीच्या भिंती आणि कायद्याचा साक्षीदार

समाजाला पोलीस हवेत याविषयी दोन मते संभवत नाहीत. जेथे चोराचे भय नाही आणि बळिष्ठाचा जुलूम नाही असे गाव पुराणात असेल. इतिहासात ते आढळत नाही. म्हणून राज्यसंस्थेने काही माणसांच्या अंगावर गणवेश चढवावा, त्यांच्या हाती दंड द्यावा आणि आपण सर्वांनी आपले रक्षण त्यांच्यावर सोपवून रात्री निश्चिंत निजावे, ही व्यवस्था फार जुन्या काळापासून चालत आली आहे. परंतु ज्याच्या हाती दंड दिला त्याने तो मर्यादेबाहेर चालविला तर त्याला जाब कोणी विचारावा, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. आपल्या देशात कायद्याने या प्रश्नाचे उत्तर कसकसे शोधले, त्याचा गेल्या सुमारे एकशे सत्तर वर्षांचा इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचा विचार आहे. आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांतील मुले व मुली आज पोलीसखात्यात सेवा करीत आहेत. आणि कधी फिर्यादी म्हणून, तर कधी संशयित म्हणून ठाण्याची पायरी चढावी लागलेली घरेही आपल्यात आहेत. या दोन्ही घरांना हा इतिहास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

आरंभीच एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. पोलिसांचे बळ दोन ठिकाणी चालते. एक उघड्या रस्त्यावर आणि दुसरे ठाण्याच्या बंद खोलीत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १९५५ ते १९६० या काळात मुंबईत व अन्यत्र गोळीबार झाले आणि शंभराहून अधिक माणसे प्राणांस मुकली. ते बळ हजारोंच्या डोळ्यांदेखत वापरले गेले. म्हणूनच त्याची चर्चा विधिमंडळात झाली, वृत्तपत्रांत झाली, आणि त्याची स्मृती हुतात्मा चौकात दगडावर कोरलेली आहे. कोठडीतील माराची गोष्ट वेगळी. तेथे मारणारा असतो आणि मार खाणारा असतो. तिसरा जो कोणी असेल तो मारणाऱ्याचाच सहकारी असतो. मार खाणारा जिवंत राहिला तर आरोपी म्हणून त्याच्या शब्दाला वजन नसते, आणि मेला तर शब्दच उरत नाही. तेव्हा बंद खोलीत काय घडले हे न्यायासनापुढे सांगणार कोण? माझ्या समजुतीप्रमाणे या विषयाचा सारा इतिहास म्हणजे त्या खोलीतील साक्षीदाराचा शोध होय.

शरीराला क्लेश दिले की सत्य बाहेर पडते, ही समजूत आपल्याकडेही पूर्वी रूढ होती. वाद सुटेनासा झाला की दिव्य करीत. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढावयास लावणारे रवादिव्य आपणांस इतिहासाच्या पुस्तकांतून परिचित आहे. कंपनी सरकार आल्यावर दिव्ये मागे पडली, परंतु चावडीवरील मार मागे पडला नाही. मद्रास इलाख्यात तहसीलदाराकडे सारावसुली आणि पोलीस ही दोन्ही कामे एकत्र होती. जो सारा वसूल करणार तोच गुन्हाही उकलणार. शिपाई एक, दंड एक, आणि दोन्ही कामांची रीतही एकच. १८५४ साली हा विषय विलायतेच्या पार्लमेंटात निघाला. त्यावरून मद्रास सरकारने एलियट, स्टोक्स आणि नॉर्टन या तिघांचे चौकशी मंडळ नेमले. मंडळापुढे येऊन किंवा पत्र पाठवून आपले गाऱ्हाणे मांडणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्यांतील पुष्कळजण कित्येक कोस पायी चालून आले होते. बोटे लाकडी चिमट्यात धरून पिळणे, माणसाला वाकवून त्याची मान पायांच्या अंगठ्यांशी बांधून उन्हात ठेवणे, इत्यादी प्रकारांची नोंद त्या अहवालात आहे. एप्रिल १८५५ मध्ये अहवाल सादर झाला. वसुली आणि पोलीस ही कामे एकाच हाती ठेवू नयेत, हा त्याचा मुख्य निष्कर्ष होता.

या अहवालानंतरच्या काही वर्षांत आपल्या फौजदारी कायद्याची इमारत उभी राहिली, आणि तिच्या पायात त्या गाऱ्हाण्यांचे काही दगड बसविले गेले आहेत. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३३० पाहावे. कबुलीजबाब मिळविण्यासाठी दुखापत करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद त्यात सांगितली. दुखापत जबर असेल तर पुढील कलमाने दहा वर्षांपर्यंत. कायद्यात कलमाखाली समजुतीसाठी उदाहरणे देण्याची पद्धत होती. या कलमाखालचे पहिलेच उदाहरण चोराचे वा दरोडेखोराचे नसून, कबुली काढण्यासाठी छळ करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचे आहे! १८६१ च्या पोलीस कायद्यानेही ताब्यातील माणसावर अनुचित हात टाकणाऱ्या पोलिसास तीन महिन्यांचा पगार दंड किंवा तीन महिने कैद अशी तरतूद केली. त्याच साली फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, आणि पुढे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात, असा नियम झाला की पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. परकी सरकारला आपल्याच पोलिसांविषयी केवढा अविश्वास वाटत होता, हे यावरून दिसते.

हेतू चांगला होता. कबुलीला न्यायालयात किंमत नाही असे झाले म्हणजे ती काढण्यासाठी कोणी मारणार नाही, असा कायदा करणाऱ्यांचा कयास होता. परंतु त्याच कायद्यात एक फट राहिली. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधापुरते त्याचे सांगणे पुराव्यात घेता येते. चोरीचा दागिना कोठे पुरला, हत्यार कोणत्या विहिरीत टाकले, एवढे वदवून घेतले की काम भागते. त्यामुळे कबुलीसाठी होणारा मार मुद्देमालासाठी होऊ लागला. शिक्षेचे कलम तर पुस्तकातच राहिले, कारण मारणाऱ्याविरुद्ध साक्ष देणार कोण? १९०२-०३ साली सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस कमिशन बसले. खात्यातील लाचखोरी, जुलूम आणि शिक्षणाचा अभाव यांविषयी त्याने अतिशय कठोर शब्दांत अभिप्राय दिला. पहिल्या अहवालास तेव्हा अर्धशतक होत आले होते.

स्वातंत्र्य आले, १९५० साली संविधान अमलात आले. कोणासही स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही. कायद्याने ठरविलेल्या रीतीवाचून कोणाचे जीवित वा स्वातंत्र्य हिरावता येणार नाही. अटक केलेल्यास अटकेचे कारण सांगितले पाहिजे, वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे, ही अभिवचने अनुच्छेद २० ते २२ मध्ये आहेत. परंतु अभिवचन मोडले तर भरपाई कोणी करावयाची? हा प्रश्न लवकरच एका सराफी पेढीच्या दाव्याने सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९४७ साली मीरत येथे पोलिसांनी अमृतसरच्या एका व्यापाऱ्यास संशयावरून पकडून त्याचे शंभरावर तोळे सोने ठाण्यात ठेवले, आणि मालखान्याच्या हवालदाराने ते घेऊन पाकिस्तानात पलायन केले. १९६४ साली निकाल देताना सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या खंडपीठाने असे ठरविले की पोलिसांचे हे काम राज्याच्या सार्वभौम अधिकारातील असल्याने नोकराच्या निष्काळजीपणाबद्दल राज्यावर दावा चालत नाही. ही स्थिती समाधानकारक नाही, विधिमंडळाने याविषयी कायदा करावा, असेही गजेंद्रगडकरांनी लिहून ठेवले. तसा सर्वंकष कायदा झाला नाही. सोन्याची ही कथा, तर देहाची काय असणार, असे वाचकांच्या मनात येईल.

देहाची कथा आपल्याच महाराष्ट्रात घडली. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस चौकीत मार्च १९७२ मध्ये एका आदिवासी मजूर मुलीला तिच्या घरच्या माणसांसह जबानीसाठी बोलावण्यात आले. रात्री बाकीच्यांना बाहेर जावयास सांगून तिला आत थांबविले गेले, आणि दोघा पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केल्याची फिर्याद झाली. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरले. आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, अशा कारणांवरून तिची संमती नव्हती हे सिद्ध होत नाही, असे न्यायालयास वाटले. चौकीचे दार आतून बंद असता गरीब मुलीने कोणाला हाक मारावयाची होती, हा प्रश्न निकालात विचारला गेला नाही. तो विचारला कायद्याच्या चार अध्यापकांनी. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले. देशभरच्या स्त्रीसंघटनांनी ते उचलून धरले. परिणामी १९८३ साली कायदा बदलला. पोलिसाच्या ताब्यात झालेल्या अशा अत्याचारास निराळी व अधिक कडक शिक्षा ठरली. आणि संबंध आल्याचे सिद्ध झाले असता, आपली संमती नव्हती असे त्या स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असा नियम झाला. बंद खोलीतील दुबळ्याचा शब्द कायद्याने साक्ष म्हणून मानावा, ही गोष्ट प्रथमच एवढ्या स्पष्टपणे घडली.

मग हाच न्याय कोठडीतील माराला का लावू नये? हा प्रश्न दुसऱ्या एका मराठी सरन्यायाधीशांनी, यशवंतराव चंद्रचूड यांनी, जानेवारी १९८५ च्या निकालात विचारला. प्रकरण उत्तर प्रदेशातील फत्तेपूर जिल्ह्याचे होते. ऑगस्ट १९६९ मध्ये बृजलाल नावाच्या एका शेतकऱ्याला पोलिसांनी धरून नेले. पोलिसाने लाच मागितल्याची तक्रार त्याने वरिष्ठांकडे केली होती. दंडाधिकाऱ्याकडे आणले तेव्हा त्याला उभे राहवत नव्हते. तो बाहेर व्हरांड्यात पडून होता. दंडाधिकारी खुर्चीवरून उठून व्हरांड्यात आले, त्यांनी त्याला विचारले, आणि पोलिसांनी मारले असे त्याने सांगितलेले लिहून घेतले. त्याच दिवशी तो तुरुंगात मरण पावला. ते चार शब्द लिहिले गेले नसते तर खटला उभाच राहिला नसता. तो दंडाधिकारी खुर्चीवर बसून राहता तरी त्याला कोणी दोष दिला नसता, हेही वाचकांनी ध्यानात घ्यावे.

या निकालात चंद्रचूड यांनी असे दाखवून दिले की कोठडीतील घटनेचा पुरावा फक्त पोलिसच देऊ शकतात, आणि बंधुभावामुळे ते एकमेकांविरुद्ध बोलत नाहीत. तेव्हा सिद्धतेच्या भाराचा नियम बदलण्याचा विचार सरकारने करावा. त्याच वर्षी विधि आयोगाने आपल्या ११३ व्या अहवालात तशी शिफारस केली. कोठडीत असताना माणसाला दुखापत झाल्याचा पुरावा असेल, तर ती ज्याच्या ताब्यात तो होता त्या अधिकाऱ्याने केली असे न्यायालयास गृहीत धरता यावे, असे पुराव्याच्या कायद्यात घालावे, असा तिचा आशय होता. ही शिफारस कायद्यात उतरली नाही. २०१० साली छळप्रतिबंधाचे विधेयक लोकसभेने संमत केले, परंतु त्याचाही कायदा झाला नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितांच्या जागी भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता व साक्ष्य अधिनियम अमलात आले. कबुलीसाठी दुखापत करण्याचा गुन्हा आता न्याय संहितेच्या कलम १२० मध्ये आहे, पोलिसापुढची कबुली आजही त्याज्य आहे, आणि वस्तू सापडण्याची ती जुनी फटही तशीच आहे. मात्र विधि आयोगाने सुचविलेले गृहीतक नव्या कायद्यातही आले नाही.

विधिमंडळे स्वस्थ बसली असता पुढची दोन पावले पडली ती दोन पत्रांमुळे. पहिले पत्र ओरिसातील एका आईचे. सुंदरगढ जिल्ह्यातील नीलाबती बेहेरा हिच्या बावीस वर्षांच्या मुलाला १ डिसेंबर १९८७ रोजी सकाळी चोरीच्या तपासासाठी पोलिसांनी घरून नेले. रात्री ती चौकीवर जाऊन मुलाला जेवण देऊन आली. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत रेल्वेच्या रुळांवर सापडले. तो बांधलेली दोरी दातांनी कुरतडून पळाला आणि गाडीखाली सापडला, असे पोलिसांचे म्हणणे होते. १९८८ साली त्या आईने सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्र हाच अर्ज मानला, जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करविली, आणि मृत्यू कोठडीतील जखमांनी झाला असा निष्कर्ष आला. मार्च १९९३ मध्ये न्या. जगदीश शरण वर्मा यांच्या खंडपीठाने तिला दीड लाख रुपये देण्याचा हुकूम ओरिसा सरकारला केला. जीविताचा मूलभूत हक्क मोडला गेला असता सार्वभौमत्वाची ढाल राज्याला पुढे करता येत नाही, हे त्या निकालाचे सार होय. मीरतच्या सोन्याला जे मिळाले नाही ते मुलाच्या प्राणाला मिळाले. अर्थात तो प्राण गेल्यावर.

दुसरे पत्र दिलीपकुमार बसू यांचे. ते पश्चिम बंगालमधील एका कायदेसाहाय्य संस्थेचे कार्याध्यक्ष होते. वृत्तपत्रांत कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या वाचून त्यांनी २६ ऑगस्ट १९८६ रोजी त्या बातम्या पत्राला जोडून सरन्यायाधीशांकडे पाठविल्या. त्यांचा स्वतःचा कोणी आप्त कोठडीत मेला नव्हता, हे विशेष. दहा वर्षांनी, १८ डिसेंबर १९९६ रोजी, न्या. कुलदीप सिंग आणि न्या. आदर्शसेन आनंद यांनी निकाल देऊन अटकेसंबंधी अकरा नियम घालून दिले. त्यांतील मुख्य ते असे. अटक करणाऱ्या प्रत्येक पोलिसाच्या छातीवर नाव व हुद्दा स्पष्ट वाचता येईल अशी पाटी असावी. अटकेच्या वेळीच अटकपत्रक लिहावे, त्यावर तारीख आणि वेळ घालावी, घरच्या माणसाची वा त्या वस्तीतील प्रतिष्ठित गृहस्थाची साक्षी म्हणून सही घ्यावी आणि अटक झालेल्याचीही घ्यावी. त्याच्या नातेवाइकास वा मित्रास कळवावे, आणि कोणाला कळविले, तो कोणत्या अधिकाऱ्याच्या ताब्यात आहे, हे ठाण्याच्या डायरीत नोंदवावे. त्याने मागणी केल्यास अंगावरील लहानमोठ्या जखमांची तपासणी करून नोंद करावी व तिची प्रत त्याला द्यावी. ताब्यात असेपर्यंत दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी व्हावी. सर्व कागदांच्या प्रती दंडाधिकाऱ्याकडे जाव्यात. चौकशीच्या वेळी, सर्व काळ नव्हे तरी, वकिलाला भेटू द्यावे. आणि जिल्ह्याच्या व राज्याच्या नियंत्रण कक्षात बारा तासांच्या आत अटकेची माहिती फलकावर लागावी.

वरवर पाहता हे कारकुनी नियम वाटतील. नावाची पाटी, सही, वेळ, डॉक्टरचा दाखला; यात मोठे ते काय? परंतु जो साक्षीदार एकशे चाळीस वर्षे सापडत नव्हता, तो न्यायालयाने या कागदांतून निर्माण केला. सकाळच्या दाखल्यात जी जखम नाही ती संध्याकाळच्या दाखल्यात दिसली, तर दोन वेळांच्या मध्ये काय घडले हे अधिकाऱ्यालाच सांगावे लागते. पुढे या नियमांतील बराच भाग फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि तेथून आजच्या नागरिक सुरक्षा संहितेत आला. कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करावी, ही तरतूद २००५ च्या दुरुस्तीने झाली. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला. अर्ज करणारे हे गृहस्थ स्वतः पोलीस महासंचालक होते, हे आपल्या पोलीसबांधवांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्यपातळीवर व विभागीय पातळीवर अशा प्राधिकरणांची तरतूद केली. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, कोठडीपासून प्रवेशद्वारापर्यंत, कॅमेरे बसवून त्यांचे चित्रण अठरा महिने, आणि काही झाले तरी एक वर्षाहून कमी नव्हे, जपून ठेवण्याचा हुकूम दिला. कागदाला आता डोळाही मिळाला.

इतके होऊनही कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. याचे खापर एकट्या पोलिसाच्या माथ्यावर फोडणे अन्यायाचे होईल. सणावाराला आपण घरी गोडधोड करतो तेव्हा तो बंदोबस्तावर उभा असतो. ड्यूटीचे तास मोजलेले नसतात, झोप अपुरी, राहावयास जुनी वसाहत, आणि वरून तपास लवकर लावा असा तगादा. हा तगादा कोणाचा, याचाही विचार केला पाहिजे. गावात घरफोडी झाली की चार प्रतिष्ठित माणसे ठाण्यात जातात आणि साहेबांना सांगतात की अमक्याला आत घ्या, दोन लगावा, पोपटासारखा बोलेल. पोलिसी खाक्या हा शब्द आपण कौतुकाने उच्चारतो. सिनेमात फौजदार संशयिताला बडवतो तेव्हा प्रेक्षागृहात टाळ्या पडतात. ज्या माराला समाज टाळ्या देतो तो मार एका न्यायालयाच्या हुकुमाने थांबणे कठीण आहे.

आम्हा शिक्षकांच्या व्यवसायातील दाखला येथे देण्याजोगा आहे. छडीवाचून विद्या येत नाही असा समज शाळेत एके काळी पक्का होता, आणि पालकच येऊन मुलाला हाणा म्हणून सांगत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा करणे निषिद्ध ठरविले. त्यामुळे शाळा ओस पडल्या नाहीत आणि मुले निरक्षरही राहिली नाहीत. छडीने मुलाला उत्तर येत नसे. गुरुजींना हवे ते उत्तर तो देत असे. कोठडीतही तेच घडते. मार असह्य झालेला माणूस सत्य सांगत नाही, मार थांबेल असे काहीतरी सांगतो. त्यात निरपराध अडकतो, खरा गुन्हेगार मोकळा फिरतो, आणि न्यायालयात खटला कोसळतो. बोटांचे ठसे, घटनास्थळाची काळजीपूर्वक पाहणी, साक्षीदारांच्या जबान्या यांनी लावलेला तपासच टिकतो. म्हणून आपल्या ज्या मुलामुलींनी हा गणवेश अंगावर घातला आहे त्यांना माझे सांगणे एवढेच की हे नियम तुमच्या हाताला बांधलेली दोरी आहे असे समजू नका. खोटा आळ आल्यास तीच नोंद, तोच दाखला आणि तेच चित्रण तुमचा बचाव करील.

आता दुसऱ्या घरांविषयी. हे सारे कागद कोणीतरी मागितले तरच बोलतात. साक्षीदार म्हणून जबानीसाठी स्त्रीला, पंधरा वर्षांखालील मुलाला, साठ वर्षांवरील पुरुषाला, अपंगाला वा गंभीर आजारी माणसाला ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. त्यांची जबानी त्यांच्या राहत्या घरी घ्यावी लागते. देसाईगंजच्या त्या रात्री हा नियम पाळला असता तर पुढचे काहीच घडले नसते, कारण स्त्रियांपुरता तो तेव्हाही कायद्यात होता! घरातील कोणास पकडून नेले तर अटकपत्रक मागावे, ते वाचून त्यावर वेळ आहे की नाही हे पाहून मगच सही करावी. वैद्यकीय तपासणी झाली का हे विचारावे व तिची प्रत घ्यावी. वकील करण्याची ऐपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. ताब्यातील प्रत्येकास तेथे विनामूल्य साहाय्याचा हक्क आहे. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर केले जाते तेव्हा मारहाण झाली असल्यास तेथेच निर्भयपणे सांगावे. मानवी हक्क आयोगाकडे जावयाचे झाल्यास घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते, हेही ध्यानात असावे. कॅमेऱ्यातील चित्रण कायम राहत नाही. तेव्हा त्याची मागणी लेखी आणि लवकर करावी.

आपल्या मंडळाने शिष्यवृत्त्या दिल्या, वधूवर मेळावे भरविले, हे उचितच झाले. त्याबरोबर प्रत्येक गावी मंडळाच्या दोन कार्यकर्त्यांनी हे नियम पाठ करावेत आणि रात्रीअपरात्री कोणाच्या घरून निरोप आला तर ठाण्यात सोबत जावे, अशी माझी विनंती आहे. त्यांनी तेथे भांडू नये, वशिला लावू नये. शांतपणे उभे राहून कागद मागावा. आणि ही सोबत आपल्या ज्ञातीपुरती राखू नये. देसाईगंजची मुलगी, सुंदरगढची आई आणि फत्तेपूरचा शेतकरी कोणत्या ज्ञातीचे होते हे विचारीत बसून त्यांच्यासाठी कोणी उभे राहिले नाही. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांनी ते विचारले नाही, आणि व्हरांड्यात उठून आलेल्या दंडाधिकाऱ्यानेही ते विचारले नाही. इत्यलम्.